परकार सिस्टरचा डेडस्टॉक

विक्रोळीला पार्कसाइटच्या चढावर कुणाला खैरुन्निसा परकार कुठे राहतात असं विचारलंत, तर माणूस डोकं खाजवेल. परकार सिस्टर म्हटलंत, तर तोच माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत सोडायला येईल. चौतीस वर्षं महापालिकेच्या इस्पितळात नोकरी, त्यातली शेवटची अकरा हाडांच्या वॉर्डात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी पहाटे पाचला उठून, वेणी घालून, मनगटावर घड्याळ चढवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. बाई मूळच्या चिपळूणकडच्या. बोलणं सरळ मराठी, रागावल्या की मात्र कोकणीवर जायच्या. रागवायच्या क्वचितच.

त्यांचे यजमान मुख्तार विक्रोळीच्याच एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांना अर्धांगवायू झाला. तेव्हा सिस्टरनी घरात दांडी फिरवून डोक्याकडची बाजू वर करायची लोखंडी खाट घेतली, हवेची गादी घेतली, कमोडची खुर्ची घेतली. चौदा महिने घरातच वॉर्ड चालवला. मुख्तार गेले, आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी व्हायच्या आत पलीकडच्या गल्लीतला एक जण दारात येऊन घुटमळत उभा राहिला. त्याच्या वडिलांचा खुबा मोडला होता. खाट मागायला आला होता. सिस्टरनी त्याला आत घेऊन खाटेचा दुसरा पाय धरायला सांगितला. तिथून हे सगळं सुरू झालं.

पुढे खेडचे, दापोलीचे नातेवाईक, जुन्या सहकारी नर्सा, मशिदीत शुक्रवारी येणारी मंडळी, कुणी ना कुणी सदका म्हणून, म्हणजे दानधर्म म्हणून, काही देत गेलं आणि सिस्टर त्यातून साहित्य घेत गेल्या. वाढलं तेव्हा रीतसर ट्रस्ट नोंदवला. राहत्या खोलीशेजारची खोली भाड्याने घेतली. खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, सलाइनचे स्टँड, दोन ऑक्सिजनची मशीनं असे मिळून एकसष्ट नग झाले. प्रत्येकावर लाल रंगाने नंबर, आणि एक जाडजूड वही, जिला सिस्टर इस्पितळाच्या सवयीने डेडस्टॉक म्हणत. अनामत नाही, भाडं नाही. नाव लिहा, सही करा, घेऊन जा, बरं वाटलं की परत आणा.

दिवाळी नुकतीच सरली होती तेव्हा एक फोटो फिरायला लागला. सिस्टरच्या दारात टेम्पो उभा आहे आणि त्यातून तीन नव्या खाटा उतरतायत, एवढाच फोटो. खाली लिहिलं होतं की आपल्या वस्तीत हा पैसा कुठून येतो आणि पुढे कुठे जातो, हे विचारायची हिंमत कुणात आहे का. पुढे लाल अक्षरांत बरंच काही होतं. जकातीच्या, म्हणजे मुसलमानांच्या नेमाच्या दानाच्या, नावाखाली काय काय चालतं याची एक यादीच होती.

पहिल्या दिवशी सिस्टर हसल्या. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने मेथीची जुडी बांधता बांधता, ऐकतोय ते खरं का सिस्टर, असं विचारलं, आणि त्यांना मेथी नको झाली. आठवड्याभरात दोन वॉकर कुणी न सांगता परत आले. एकावरचा ट्रस्टच्या नावाचा कागद नखाने खरवडून काढला होता. एक हवालदार येऊन आधार कार्डाचा फोटो काढून गेला. माणूस सभ्य होता, जाताना स्वतःच्या गुडघ्यासाठी व्यायाम विचारून गेला. पण खरा घाव घातला तो सदका पाठवणाऱ्या खेडच्या चुलतभावाच्या फोनने. तो म्हणाला, खैरून, एक-दोन वर्षं थांबूया, वारं बदलू दे, मग बघू. ज्या वस्तीतल्या अर्ध्याअधिक पोरांना आपण सुया टोचल्या, त्यांच्या आयांनी आपल्याकडे असं बघावं, याचं त्यांना वाईट वाटत होतं. रात्री त्यांनी मुख्तारच्या फोटोला तसं सांगूनही टाकलं.

मग धर्मादाय कार्यालयाचं पत्र आलं. एका जागरूक नागरिकाच्या तक्रारीवरून ट्रस्टची चौकशी करायची आहे, निरीक्षक अमुक तारखेला येतील, सर्व कागदपत्रं तयार ठेवावीत. पत्र वाचून सिस्टरना उलट बरंच वाटलं. कुजबुजीला उत्तर देता येत नाही, तपासणीला देता येतं. मेट्रनच्या राउंडआधी वॉर्ड घासायचा, तशी त्यांनी खोली घासून काढली. उरलेल्या खुर्च्यांच्या चाकांना तेल दिलं. शेजारच्या शेवंतीबाई, चाळीत जन्म गेलेल्या, मूळ मालवणच्या, मदतीला आल्या आणि खिडकीच्या गजांवरसुद्धा फडकं फिरवून गेल्या.

निरीक्षक म्हणून आल्या त्या चेतना वाहुळे. पस्तिशीच्या, लातूरकडच्या, केस घट्ट बांधलेले, काखेत फाइल. चहा नको म्हणाल्या. पाणीही स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या. जिथे चौकशी असते तिथलं काही घेत नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं, आणि सिस्टरना ही बाई तिथेच आवडली. इस्पितळात औषधांच्या कंपन्यांची माणसं पेढे घेऊन यायची, तेव्हा सिस्टर स्वतः असंच म्हणायच्या.

बँकेची पुस्तकं, पावत्या, बिलं हे सगळं तासाभरात पाहून झालं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मग चेतना मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि तक्रारीतला मुख्य मुद्दा विचारला. जकात फक्त मुसलमानांनाच देता येते असं त्यांनी वाचलं होतं. मग हे साहित्य कोणाला जातं?

सिस्टर खुर्ची जवळ ओढून बसल्या. पेशंटच्या नातेवाइकाला समजावतात तशा समजावू लागल्या. जकात निराळी, सदका निराळा. जकातीला नियम असतात, ती कुणाला द्यायची हे ठरलेलं असतं आणि ती ज्याला दिली त्याच्या मालकीची व्हावी लागते. दिली ती परत मागता येत नाही. म्हणून ट्रस्टमध्ये जकातीचा पैसा त्या घेतच नव्हत्या. आपली जकात त्या आपल्या हाताने नात्यातल्या दोन विधवांना देत. इथला पैसा सदक्याचा. सदक्याला जात-धर्म विचारायचा नसतो, दुखणं विचारायचं.

"आणि यात एक प्रकार असतो, सदका-ए-जारिया," त्या म्हणाल्या. "वाहतं दान म्हणा. विहीर खणली, झाड लावलं, की देणारा मेला तरी ते चालूच राहतं. माझ्या नवऱ्याची खाट तशी चालू आहे."

मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता साहित्य दाखवा."

खोलीत नऊ नग होते. वही सांगत होती एकसष्ट. उरलेले बावन्न लोकांकडे आहेत, असं सिस्टर म्हणाल्या आणि सही-तारखांची पानं पुढे केली. मॅडमनी वही चाळली आणि सात नंबरच्या खाटेवर बोट ठेवलं. शेवंती, दोन वर्षांपूर्वी. शेजारच्याच तर होत्या. दोघी उठून तिकडे गेल्या.

शेवंतीबाईंच्या घरात खाट नव्हती. खुब्याचं ऑपरेशन होऊन त्या केव्हाच चालायला लागल्या होत्या आणि खाट त्यांनी खालच्या गल्लीतल्या सौरभला दिली होती, मोटरसायकलवरून पडला होता तो. परत का नाही केली, असं विचारल्यावर त्यांनी साधा हिशेब सांगितला. खाट आधी सिस्टरच्या दारात ठेवायची आणि तिथून त्याने न्यायची, म्हणजे माणसांची दोनदा हमाली. त्यापेक्षा इथून तिथेच दिली.

सौरभकडून खाट एका रिक्षावाल्याच्या आईकडे गेली होती. तिथून वरच्या शाळेमागच्या एका मास्तरांकडे. मास्तर वारले, मग त्यांच्या सुनेने ती आणखी कुणाला दिली. संध्याकाळपर्यंत दोघी चढ-उतार करत फिरल्या आणि सहाव्या घरी सात नंबर सापडली. भीमराजच्या घरात. तो पालिकेत वायरमन, आणि खाटेवर त्याची आई, कमलआजी, वय ऐंशीच्या पुढे. जालन्याकडून या वस्तीत येऊन त्यांना पन्नास वर्षं झाली होती. खाटेच्या पायाशी बुद्धाची तसबीर ठेवलेली, म्हणजे डोकं वर केलं की नजर तिच्यावर जावी. आजींनी मॅडमना खाटेची दांडी कशी फिरवायची ते दाखवलं आणि मॅडमच्या हाताने स्वतःचं डोकं दोनदा वर-खाली करून घेतलं.

गल्लीत आल्यावर चेतना मॅडम थांबल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, पण सरळ होता. एका खाटेला चार तास लागले आणि वहीत तिचं एकच नाव आहे. त्यांना जे दिसतं तेच लिहिता येतं. आज लिहायचं झालं तर बावन्नातला एक नग दिसला, एक्कावन्न दिसले नाहीत, असंच लिहावं लागेल. आणि ते वाक्य कागदावर गेलं की पुढे त्याचं काय होईल, हे सिस्टरना सांगायची गरज नव्हती. पुढचा रविवार संपेपर्यंत त्या थांबायला तयार होत्या.

त्या रात्री सिस्टर जेवल्या नाहीत. आळ घेणाऱ्यांचा राग त्यांना नव्हताच आता, स्वतःचा होता. वॉर्डात दर पाळीला चार्ज देताना चादरी, बेडपॅन, थर्मामीटर सगळं मोजून द्यायचं, एक उशीचा अभ्रा कमी भरला तर घरी जायचं नाही, ही सवय ज्या बाईची, तिची वही दोन वर्षं झोपली होती. सामान वाहत होतं आणि त्याचं त्यांना कौतुकही होतं, पण ते कुठून कुठे वाहतंय हे त्यांनी लिहिलं नव्हतं. बाहेरचं कुणी बोट दाखवायच्या आधी हे आपल्याला दिसायला हवं होतं.

सकाळी शेवंतीबाईंचे यजमान गुणाजी पेपर द्यायला आले. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं वॉचमनकी केलेला माणूस, बोलायला कमी. सिस्टर घरांची यादी करत होत्या, बावन्न नग, प्रत्येकामागे सहा घरं धरली तर किती. गुणाजी यादीकडे बघत राहिले.

"सिस्टर, तुमी कित्याक घराघरान फिरतास?" ते म्हणाले. "सामानाकच खाली बोलवा. चाकां आसत त्येंका."

हे इतकं साधं होतं की सिस्टरनी यादीची घडी घालून ती बाजूला ठेवली. मग गुणाजींची नात श्रुतिका आली. वस्तीच्या ग्रुपची ती एक ॲडमिन. तो फोटो याच ग्रुपवर आला होता आणि तिला तो काढून टाकता आला नव्हता, कारण तोपर्यंत तो सगळीकडे गेला होता, याची तिला जरा शरमही होती. तिने लगेच लिहिलं: परकार सिस्टरचं ज्याच्याकडे जे काही असेल त्याने रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या मैदानात आणावं, सरकारी मोजणी आहे, मोजून लगेच परत मिळेल. ज्यांनी सामान पुढे दिलं असेल त्यांनी हा मेसेजही पुढे द्यावा. सिस्टरनी वाचून एकच भर घातली. पेशंटला त्रास देऊन काही आणू नये.

रविवारी साडेनऊला चेतना मॅडम हजर झाल्या. मंडळाने कॅरमचं टेबल आणि दोन खुर्च्या मांडून दिल्या होत्या. दहा वाजले. मैदानात चार कुत्री, क्रिकेटचे स्टंप आणि ही दोन माणसं. सव्वादहाला शेवंतीबाई आल्या, पण त्यांच्या हातात फक्त पोह्यांचा डबा. सिस्टरनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघणं बंद केलं. मॅडम फॉर्मवर उगीच रेघा आखत बसल्या.

साडेदहाला सौरभ आला. खांद्यावर दोन वॉकर आणि मागे सलाइनचा स्टँड भाल्यासारखा धरलेला त्याचा भाऊ. त्यांच्यामागे एक बाई रिकामी चाकाची खुर्ची ढकलत आली, खुर्चीत बाजारची पिशवी. मग तीन-चार एकदम. मग गल्लीच्या तोंडाशी गर्दीच दिसायला लागली. खुर्च्यांवर बसून आलेले म्हातारे, कमोडची खुर्ची चादरीत गुंडाळून लाजत आणणारी एक सून, हवेची गादी डोक्यावर घेतलेला एक शिपाई. माहुलहून एक कुटुंब रिक्षा करून आलं, खुर्ची टपावर बांधून. इथली झोपडी तुटल्यावर त्यांना तिकडे घरं मिळाली होती आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर गेली होती. मुलुंडहून एक जण नुसता ऑक्सिजन मशीनचा फोटो घेऊन आला, मशीनवरचा नंबर, आजचा पेपर आणि नाकात नळी घातलेली आई, तिन्ही एका फोटोत. मॅडमनी तो फोटो निरखून पाहिला आणि मशीन हिशेबात धरलं.

साडेअकराच्या सुमाराला वरून आरडाओरडा ऐकू आला. सगळे वळले. चढावरून सात नंबरची खाट येत होती, तीही कमलआजींसकट. पुढे भीमराज आणि दोघे उलट चालत, मागे खाटेच्या दांड्याला दोर बांधून तो कमरेला गुंडाळलेले गुणाजी, पाय रोवून, लगाम खेचल्यासारखे मागे झुकलेले. आजींनी पांढरं लुगडं नेसलं होतं आणि डोकं पुरतं वर करून घेतलं होतं. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका उभ्या राहिल्या होत्या आणि आजी एकेकीची चौकशी करत येत होत्या. सिस्टर घाईघाईने पुढे गेल्या, भीमराजला बोलायला लागल्या, की पेशंटला आणू नका म्हणून लिहिलं होतं ना.

"त्याला बोलू नका," कमलआजी म्हणाल्या. "म्याच उतरले नाय. सात महिन्यांनी बाहेर निघते हाय. खाट मोजायचीय ना सरकारला? मग वरच्या माणसासकट मोजा."

चेतना मॅडम उठून आल्या. त्यांनी खाटेच्या पायावरचा लाल सात वाचला, फॉर्मवर टिक केली आणि आजींना उन्हातून सावलीत घ्यायला सांगितलं.

बारा वाजता पंचेचाळीस नग झाले. साडेबाराला बावन्न. सिस्टरनी डोळे मिटून अल्लाचे आभार मानले आणि डोळे उघडले तर रांग अजून होतीच. त्रेपन्न. चौपन्न. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मोजणीत चूक झाली असं वाटून श्रुतिकाने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. रांग संपली तेव्हा अठ्ठावन्न नग झाले होते.

आता नंबर जुळवायला घेतले, तेव्हा उलगडा झाला. सिस्टरच्या बावन्नांपैकी एकोणपन्नास आले होते. तीन नव्हते. एक वॉकर मोडून भंगारात गेला होता, एक खुर्ची पेशंटबरोबर गावाला गेली ती तिकडचीच झाली, आणि एका सलाइन स्टँडचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. पण नऊ नग असे होते ज्यांवर लाल नंबरच नव्हता. ट्रस्टने ते कधी घेतलेच नव्हते. ट्रस्टच्या नावाचा कागद मात्र सगळ्यांवर होता, झेरॉक्स काढून चिकटवलेला.

सिस्टर त्या नऊ नगांभोवती फिरत होत्या, अनोळखी बाळं पाळण्यात आढळावीत तशा. शेवटी दशरथ म्हणून एक गृहस्थ पुढे झाले, गॅस एजन्सीत नोकरी करणारे. त्यांच्या वडिलांना सिस्टरचा वॉकर मिळाला होता, पण ते उंच पडले, वॉकर बुटका. म्हणून त्यांनी दुकानातून नवा घेतला. वडील गेले. घरात ठेवून त्याचं काय करायचं, म्हणून सिस्टरच्या वॉकरबरोबर तोही पुढे दिला. कुणाचा म्हणून विचारलं तर सिस्टरचा म्हणून सांगितलं, उगाच आपलं नाव कशाला. बाकीच्या आठांच्या गोष्टी थोड्याफार फरकाने अशाच होत्या. रिक्षावाल्याने आईची खुर्ची अशीच सोडली होती. मास्तरांच्या सुनेने गादी सोडली होती.

चेतना मॅडमनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या फॉर्ममध्ये तुटीसाठी रकाना होता. वाढीसाठी नव्हता. इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

"हे दान आहे, सिस्टर," त्या म्हणाल्या. "याच्या पावत्या फाडल्यात का?"

"मला कुणी दिलंच नाही, मॅडम. पावती कुणाच्या नावाने फाडू?"

मग तिथेच पावतीपुस्तक मागवलं. सात जणांनी नावं दिली, दशरथांनी सही करताना दोनदा खोडलं. दोन नगांचे देणारे सापडले नाहीत, किंवा गर्दीत उभे राहूनही गप्प बसले. ते गुप्तदान म्हणून लिहिले. हरवलेले तीन मात्र तूट म्हणूनच लिहिणार, असं मॅडमनी बजावलं. सिस्टरनी लगेच मान डोलावली. ते लिहिलं नसतं तर त्यांनाच ते खटकलं असतं.

तोवर मैदानात जत्रा भरली होती. शेवंतीबाईंच्या पोह्यांत इतर घरांचे डबे मिसळले होते. खुर्च्यांवरचे म्हातारे एकमेकांना दुखणी दाखवत होते. मुलुंडच्या माणसाला सौरभची मावशी ओळखीची निघाली. जो भाजीवाला मेथी बांधताना तसं विचारत होता, तो एका म्हाताऱ्याची खुर्ची धरून उभा होता. सिस्टरशी नजर भेटली तेव्हा त्याने खुर्चीचा ब्रेक नीट लागलाय का ते वाकून पाहिलं.

फाइल बांधताना मॅडम सिस्टरना हळू आवाजात म्हणाल्या, की तक्रार कुणी केली ते त्यांना सांगता येणार नाही.

"नकाच सांगू," सिस्टर म्हणाल्या. "उद्या त्याच्या घरात कुणाचं हाड मोडलं, तर वॉकर देताना माझा हात अडखळायला नको."

मग प्रश्न उरला आजींना वर चढवायचा. उतरताना दोर धरायला एक गुणाजी पुरले होते, चढताना आठ माणसं लागली. सौरभ, दशरथ, भीमराज, ज्याच्या हाती दांडा आला तो. निम्म्या चढावर चाक खड्ड्यात अडकलं आणि खाट तिरकी झाली, तेव्हा मागून चालत येणाऱ्या चेतना मॅडमनी फाइल आजींच्या पायाशी ठेवली आणि खांदा लावला. आजींनी ती फाइल उचलून मांडीवर घेतली, वारा सुटला होता म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि वरपर्यंत सगळ्यांना डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, असं सांगत राहिल्या.

तीन आठवड्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. तक्रारीत तथ्य आढळून आलं नाही, साहित्याच्या हस्तांतराची नोंद अद्ययावत ठेवण्याची सूचना करण्यात येत आहे, वगैरे. सिस्टरनी त्याची प्रत खेडच्या चुलतभावाला पाठवली. त्याने फोन करून विचारलं, वारं बदललं काय? वारं तेच आहे, खाटा मात्र वाढल्यात, असं सिस्टर म्हणाल्या. तो हसला आणि थांबवलेलं पुन्हा सुरू करतो म्हणाला. तो फोटो काही मेला नाही. आता तो घाटकोपरच्या कुठल्याशा ग्रुपवर फिरतो असं श्रुतिकाने सांगितलं. तिला दिसला की ती त्याखाली खाटेवर बसून चढ उतरणाऱ्या कमलआजींचा फोटो टाकते. काही जण त्यावर भांडतात, काही जण साहित्य कुठे मिळेल म्हणून पत्ता विचारतात.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर खोलीच्या दारात लाल रंगाचा डबा घेऊन बसल्या होत्या. नऊ नव्या नगांना बासष्टपासून सत्तरपर्यंत नंबर द्यायचे होते. नवी वही आणली होती. तिच्यात प्रत्येक नगाला पूर्ण पान, नावांसाठी वीस ओळी. शेवंतीबाई बाजूला बसून कापसाने जास्तीचा रंग टिपत होत्या. अडुसष्टवर रंग ओला असतानाच देवनारहून एक तरुण मुलगी आली. वडिलांना दुपारी इस्पितळातून सोडणार होते, खाली रिक्षा थांबवून ठेवली होती, आणि तिला खुर्ची हवी होती. सिस्टर म्हणाल्या, ओला आहे, हाताला लागेल. ती म्हणाली, लागू दे. सिस्टरनी तिचं नाव, नंबर, पत्ता पहिल्या ओळीत लिहून घेतला आणि तिच्याकडून कबूल करून घेतलं, की पुढे ज्याला देशील त्याचं नाव मला फोन करून सांगायचं, त्याच दिवशी. अनामत किती, म्हणून तिने पर्स उघडली होती. ती बंद करायला सांगून सिस्टर उठल्या, खुर्चीची पाय ठेवायची पट्टी कशी दुमडायची ते तिला दोनदा दाखवलं, आणि ती खुर्ची घेऊन उताराला लागल्यावर पुन्हा बसून त्यांनी एकोणसत्तरला हात घातला.